पंधराशे सुरू ठेवून लेकीच्या नावावर पैसे कसे साठवावेत

आमच्या गल्लीत एक ताई चार घरच्या पोळ्या करतात. 'लाडकी बहीण'चे १५०० रुपये जमा झाले की त्यातले ५०० त्या चहाच्या जुन्या डब्यात ठेवतात. मुलगी सात वर्षांची. पोस्टात का टाकत नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "तिच्या नावावर पैसे दिसले तर माझे पंधराशे बंद नाही का होणार?" या भीतीपायी कितीतरी आयांचे पैसे डब्यात राहतात आणि घरात कुणी आजारी पडलं की संपतात. म्हणून नीट सांगते.

आधी अट समजून घ्या. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात आयकर भरणारं कुणी नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. आणखीही अटी आहेत, पण खात्यावर शिल्लक किती असावी अशी अट त्यांत नाही. उत्पन्न म्हणजे वर्षभरात घरात आलेला पैसा. त्यातून बाजूला टाकलेले ५०० रुपये पुन्हा उत्पन्न ठरत नाहीत. व्याज मात्र ठरतं, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावरच्या एफडीचं (मुदत ठेवीचं) व्याज आयकरात पालकाच्या उत्पन्नात धरतात. संजय गांधी निराधार योजनेत उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार इतकी कमी आहे, तिथे हे जास्तच जपावं.

मुलगी दहाच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं उघडा. पोस्टात किंवा बँकेत, २५० रुपयांत उघडतं. मुलीचा जन्मदाखला, आईचं किंवा वडिलांचं आधार, पॅन आणि फोटो न्या. वर्षाला किमान २५० भरावेच लागतात, नाहीतर ५० रुपये दंड. भरायचं १५ वर्षं, मुदत २१ वर्षांची. व्याजावर कर नाही. जानेवारी २०२४ मध्ये दर ८.२ टक्के झाला. सरकार तो दर तिमाहीला जाहीर करतं. हाच दर राहिला असं धरलं, तर महिना ५०० रुपयांचे, म्हणजे एकूण ९० हजारांचे, शेवटी पावणेतीन लाखांच्या आसपास होतात. आजीने पालक म्हणून उघडलेलं खातं असेल तर ते आई किंवा वडिलांच्या नावे करून घ्या.

मुलगा असेल तर पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी), वर्षाला किमान ५००. किंवा पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, महिना १०० रुपयांपासून आहे.

खातं उघडताना फॉर्म वाचून सही करा. इथे खरी गोची होते. आई स्वतःच्या नावाने दुसऱ्या बँकेत खातं काढते, फॉर्मवर आधार जोडणीच्या चौकटीत खूण होते, आणि पुढचा हप्ता जुन्या खात्याऐवजी नव्या खात्यात जातो. बाई जुनं पासबुक छापून पाहते आणि योजना बंद झाली म्हणून रडत बसते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. हप्ता जिथे येतो ते खातं तसंच राहू द्या. त्या खात्याला किमान शिल्लक लागते का तेही विचारा. लागत असेल तर दंडापोटी हप्त्यातूनच पैसे कापले जातात. जनधन खात्याला ती कटकट नाही.

पैसे हाताने भरा. लाडकी बहीणचा हप्ता ठरलेल्या तारखेला येईलच असं नाही, त्यामुळे आपोआप कपातीची सूचना देऊ नका. आला की दुसऱ्या दिवशी पोस्टात जा. सुकन्यात ५ तारखेच्या आत भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचं व्याज मिळतं, म्हणून महिनाअखेरीला पैसे आले तर पुढच्या ५ तारखेच्या आत नक्की भरा.

लेक लाडकी योजना सोडू नका. मुलगी १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल, तर जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे करा.

काढायची वेळ. सुकन्यातून मुलगी दहावी झाली किंवा अठरा वर्षांची झाली की शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत पैसे काढता येतात. कॉलेजचं प्रवेशपत्र किंवा फीची पावती जोडावी लागते. प्रवेशाच्या गडबडीत ती राहून जाते, म्हणून प्रवेश घेतानाच खिडकीवर मागून घ्या.