सोन्याची कुऱ्हाड मागणाऱ्या मुलाला रागावू नका

बालवाडीत इतकी वर्षं गोष्टी वाचून दाखवल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. खोटं बोलणाऱ्याची फजिती दाखवणाऱ्या गोष्टीने चार-पाच वर्षांचं पोर खरं बोलायला लागत नाही. 'लांडगा आला रे आला' ऐकून ते रात्री लांडग्याला भितं, एवढंच.

टोरांटो विद्यापीठातले कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली हेच तपासून प्रसिद्ध केलं. तीन ते सात वर्षांच्या मुलांना पाठमोरं बसवून आवाजावरून खेळणं ओळखायला सांगायचं, मग "वळून बघू नकोस हं" म्हणून मोठ्या माणसाने बाजूला जायचं. परत आल्यावर एक गोष्ट वाचायची आणि विचारायचं, बघितलंस का? लांडग्याची किंवा खोटं बोलल्यावर नाक वाढणाऱ्या बाहुल्याची गोष्ट ऐकलेली मुलं काही जास्त खरं बोलली नाहीत. जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडिलांनी त्याला शाबासकी दिली, ही गोष्ट ऐकलेली मुलं मात्र बोलली. तिचाच शेवट बदलून खोटं बोलणं अंगाशी आल्याचं दाखवलं, तेव्हा परिणाम नाहीसा झाला. (गंमत म्हणजे चेरीचा हा किस्सा वॉशिंग्टनच्या चरित्रकारानेच रचला, असं इतिहासकार मानतात!)

तेव्हा गोष्ट निवडताना एवढंच बघा: खरं सांगणाऱ्याचं पुढे काय होतं? गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट सांगतात ना, गणितासाठी बक्षीस मिळालं तेव्हा उत्तर दुसऱ्याच्या मदतीने काढल्याचं त्यांनी रडत सांगितलं, ती चालेल. टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट मी पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ठेवते. तिथे खरं बोलूनही गुरुजी चिडलेलेच असतात. लहानग्यांना ते झेपत नाही.

मुलाची चोरी पकडली की लगेच त्यावरची गोष्ट काढू नका. त्याला बरोबर कळतं, हे आपल्यालाच चाललंय. भांडणतंटा नसलेला दिवस, रात्रीची जेवणं झालेली, मूल मांडीत, पुस्तक दोघांना दिसेल असं.

लाकूडतोड्याची गोष्ट घ्या. जलदेवता सोन्याची कुऱ्हाड वर काढते आणि विचारते, "ही तुझी का?" इथे थांबा. पान उलटू नका. मुलाला विचारा, "तू काय म्हणाला असतास?" पुष्कळ मुलं डोळे चमकवत सांगतात, "हो, माझीच!" इथेच आईबाबा गडबडतात आणि "असं नाही म्हणायचं" सुरू करतात. अहो, पोराने मनातलं खरं तेच सांगितलंय की! त्यावर रागावलात तर पुढच्या वेळी ते तुम्हाला आवडेल असं उत्तर देईल, म्हणजे खोटं. हसा, "सोनं कुणाला नको?" म्हणा आणि विचारा, "मग घरी जाऊन लाकडं कशाने फोडणार?" नुसतं थोडं थांबा, मूल स्वतःच बोलू लागतं. शेवटी तिन्ही कुऱ्हाडी मिळतात त्यावर फार रेंगाळू नका, नाहीतर खरं बोलण्याचा भाव ठरतो. आणि "यातून काय शिकलास?" हा प्रश्न शाळेच्या पेपरात राहू द्या.

गोष्टीची खरी परीक्षा स्वयंपाकघरात. "साखर मी सांडली" असं पोर येऊन म्हणालं, की तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं हवं: "सांगितलंस ते बरं केलंस. जा, झाडू आण." भरायला दोघांनी लागायचं. त्या दिवशी लेक्चर नाही. संध्याकाळी बाबांसमोर, आजीसमोर तोच विषय पुन्हा उगाळायचा नाही. हे पाळणं जड जातं, विशेषतः मुंग्या लागल्यावर.

"आमच्या गच्चीवर काल वाघ आला होता" हे मात्र खोटं धरू नका. तीन-चार वर्षांचं मूल रचून सांगतं. विचारा, वाघाने काय खाल्लं?

राहता राहिली भोपळ्यातली म्हातारी. ती तर "म्हातारी-कोतारी मला नाही माहीत" म्हणत वाघाला सरळ थापा मारते. ही गोष्ट गाळू नका. पाच वर्षांपुढची मुलं विचारतातच, "ती खोटं बोलली ना?" हो म्हणा. मग त्यांनाच विचारा, वाघाला खरं सांगितलं असतं तर? आमच्या वर्गात यावर जोरदार वाद होतो आणि मी निकाल देत नाही. त्याहून लहान मुलांसाठी नुसतं टुणूक टुणूक पुरे.