हिवाळा ऊबदार गेला आणि कंदांना वेळेआधी कोंब फुटले, तर

थंडी सरायला महिनाभर असतानाच डॅफोडिलचे किंवा ट्यूलिपचे कोंब बोटभर वर आलेले दिसले की बहुतेकजण त्यांच्यावर माती ओढतात. ते करू नका. ओली माती कोंबाच्या पानांमध्ये साचते आणि मान कुजते.

फूल मागच्या उन्हाळ्यातच कंदाच्या पोटात तयार झालेलं असतं. दांडा नीट लांबायला त्याला साधारण 12 ते 16 आठवडे 9 अंश सेल्सिअसखालची थंडी लागते. ती मिळाली की पुढचा वेग मातीच्या उबेवर ठरतो. म्हणून भिंतीच्या उन्हाच्या बाजूचे कंद आधी उठतात, सावलीतले मागून.

आधी कळी कुठे आहे ते पाहा. कोंब बुडाशी चिमटीत धरून हलकेच दाबा. आत काही लागलं नाही तर कळी अजून जमिनीखाली आहे, काही करायची गरज नाही. पानांची टोकं थंडीने तपकिरी पडली तर पडू द्या, फुलाला धक्का नसतो. टणक फुगवटा लागला, आणि विशेषतः कळीला रंग चढला असेल, तर मात्र कडाक्याच्या रात्रीची तयारी ठेवा.

तयारी सोपी आहे. माती कोरडी असेल तर दुपारी पाणी द्या, ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. सूर्य मावळायच्या आत काठ्या रोवून त्यांवर पातळ कापड टाका, कडा जमिनीला टेकवून दगड ठेवा. प्लास्टिक नको, ते कळीला चिकटतं आणि चिकटेल तिथे गारठा पोहोचतो. सकाळी बर्फ वितळल्यावर कापड काढा, नाहीतर आतल्या उबेने कोंब आणखी पुढे पळतील. स्नोड्रॉप आणि क्रोकस यांच्यासाठी एवढा खटाटोप नको. गोठून आडवे झालेले दांडे सरळ करायला हात लावू नका, वितळले की बरेचसे आपोआप उठतात. गोठलेले असताना वाकवाल तर मोडतात. हायसिंथचा जड तुरा मात्र पडला की पडला, तो कापून घरात आणा.

फुलं बुटक्या दांड्यावर, मातीला चिकटूनच उमलली, किंवा कळ्या आतच वाळल्या, तर दोष बहुधा थंडी अपुरी पडल्याचा. यंदा उपाय नाही. फूल गेल्यावर फक्त दांडा छाटा, पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे किमान 6 आठवडे, तशीच ठेवा. पानांना गाठी मारू नका, कंद पानांवरच भरतो.

पुढच्या खेपेला ट्यूलिप माती 10 अंशांवर आल्यावरच, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावा. जमीन गार झाल्यावर वर 5 सेंटिमीटर सुका पाचोळा पसरा. आधी पसरलात तर ऊब आत कोंडते. हिवाळा भरवशाचा नसेल तर कंद 14 आठवडे फ्रिजमध्ये, 4 ते 7 अंशांवर, कागदी पिशवीत ठेवा. शेजारी सफरचंद नको: त्यातून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो.