हाडातला खड्डा भरताना

हाडातला खड्डा भरायच्या कोलॅजेनच्या स्पंजचं, म्हणजे फिलरचं, पाकीट उघडायला क्षणभर लागतो. हाड भरून येणार की नाही, हे मात्र बहुतांशी त्याआधीच ठरलेलं असतं. ऑर्थोपेडिक्समध्ये नव्याने आलेल्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी हे लिहिते आहे, कारण ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांचं लक्ष पाकिटावर असतं आणि खड्ड्याकडे कुणी नीट बघत नाही.

हाडाचा वजनाने साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा. उरलेल्या सेंद्रिय भागात सुमारे ९० टक्के टाइप-१ कोलॅजेन असतं. आपण खड्ड्यात ठेवतो तो त्याच कोलॅजेनचा मांडव. त्याच्या आधाराने रक्तवाहिन्या आणि पेशी भिंतीतून आत सरकतात आणि हाड घालत जातात. मांडवाला ताकद नसते. ओला स्पंज दोन बोटांत दाबून पाहा, लगेच कळेल. म्हणून त्यात हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट किंवा बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या खनिजांचे दाणे मिसळतात. तरीही शरीराचा भार पेलायचं काम प्लेट आणि स्क्रूचंच.

आदल्या दिवशी पेशंटशी बोला. हे कोलॅजेन बहुधा गाईचं किंवा डुकराचं असतं, हे स्पष्ट सांगा. काहींना ते चालत नाही, आणि ते ऑपरेशन टेबलावर कळून उपयोग नाही. अ‍ॅलर्जी विचारा. खड्ड्यात पू असेल तर फिलर बाजूला ठेवा, आधी संसर्ग आटोक्यात आणा. गाठीची शंका असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय काहीही भरू नका.

आता खड्डा. हाडाला पाडलेली खिडकी एवढी मोठी हवी की आतला प्रत्येक कोपरा डोळ्यांनी दिसला पाहिजे. छोट्या भोकातून क्युरेट (खरवडायचं चमच्यासारखं हत्यार) फिरवून ‘साफ झालं’ म्हणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. आधी सरळ क्युरेट, मग वाकडी, मग बर (हाड घासणारं फिरतं टोक). भिंत पांढरी, गुळगुळीत, कडक लागली तर बारीक ड्रिलने तिला ठिकठिकाणी भोकं पाडा. टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) बांधलं असेल तर सोडा आणि थांबा. भिंतीवर लाल ठिपके उमटायला हवेत. ते उमटले नाहीत तर तिथून हाड येणार कुठून? पुन्हा खरवडा. धुवायचं ते सगळं आताच, भरपूर सलाईनने.

सांध्याचा दबलेला पृष्ठभाग उचलला असेल तर तो आधी वायरींनी धरा, मग खालची पोकळी भरा, मग प्लेट.

फिलर भिजवायला पेशंटचीच बोन मॅरो मला सर्वांत आवडते. इलियाक क्रेस्टमध्ये, म्हणजे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेत, सुई घातल्यावर एका जागेवरून २ मिलिलीटरच ओढा, मग सुई सरकवा. लोभाने एकाच जागेवरून १० मिलिलीटर ओढलं तर सिरिंजमध्ये बरंचसं नुसतं रक्तच येतं, कामाच्या पेशी विरळ होतात. फिलर किती वेळ भिजवायचा ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. तेवढं थांबा, पिळू नका.

तळापासून वर भरत या. बोटाने किंवा बोथट हत्याराने अलगद दाबा. ठोकून ठोकून गच्च केलं तर रक्तवाहिन्यांना शिरायला जागा उरत नाही. भिंतीला टेकलेला हवा, खिडकीबाहेर ओसंडलेला नको.

इथे माझी चूक सांगते. प्रॅक्टिसचं दुसरं वर्ष, एका लहान मुलाच्या दंडाच्या हाडातली सिस्ट, म्हणजे पोकळ गाठ. सुरेख भरली होती. मग सवयीने सलाईन मागितलं, धुतलं, सक्शन फिरवलं. दुसऱ्या दिवशी एक्स-रेत दाणे स्नायूंमध्ये पसरलेले आणि खड्डा अर्धा रिकामा. त्याच दिवशी आई-वडिलांना बोलावून सगळं सांगितलं. हाड भरलं, पण फार उशिरा. तेव्हापासून फिलर आत गेला की माझ्या टेबलावरचं सलाईनचं भांडं उचललं जातं. कडा फक्त ओल्या गॉजने टिपते आणि पेरिऑस्टियम (हाडावरचं पातळ आवरण) वरून शिवून घेते.

उरलेला तुकडा पुन्हा ऑटोक्लेव्ह करू नका. वाफेच्या उष्णतेने कोलॅजेनचं जिलेटिन होतं. पाकिटावरचा लॉट नंबर केसपेपरवर चिकटवा.

बीएमपी-२ हे हाड वाढवणारं प्रथिन लावलेला स्पंज हे वेगळं प्रकरण आहे. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २००२ मध्ये त्याला कमरेच्या मणक्यांसाठी मान्यता दिली आणि २००८ मध्ये मानेत वापरल्यावर येणाऱ्या जीवघेण्या सुजेबद्दल इशाराही दिला. साध्या फिलरसारखा तो कुठेही घालायचा नाही.

एक्स-रे वाचताना घाई नको. खनिजाचे दाणे पहिल्याच दिवशी पांढरे दिसतात. ते नवं हाड नव्हे. दाणे आणि भिंत यांच्यामधली काळी रेघ पुसट होते का, दाण्यांच्या कडा विरघळतात का, ते दर खेपेला आधीच्या फिल्मशेजारी ठेवून बघा. हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट वर्षानुवर्षं दिसत राहू शकतं. नुसतं कोलॅजेन मात्र दिसतच नाही, खड्डा रिकामाच भासतो, आणि नातेवाईक घाबरतात. त्यांना हे ऑपरेशनआधीच फिल्म दाखवून सांगून ठेवा. पायावर भार कधी द्यायचा हे तीन गोष्टींवर ठरवा: प्लेट-स्क्रूचं फिक्सेशन किती घट्ट आहे, ती काळी रेघ कुठवर गेली आहे आणि दाबल्यावर दुखतंय का.