चार ओहमचा बॉक्स जोडण्याआधी

"दादा, चार ओहमचा स्पीकर बॉक्स घेतला तर आवाज मोठा येईल ना?" सप्ताह जवळ आला की आमच्याकडच्या पोरांचा हा प्रश्न ठरलेला. येईल, थोडासा. पण तो काही बॉक्सच्या अंगचा गुण नव्हे. ओहम म्हणजे बॉक्स करंटला किती अडवतो त्याचं माप. ते निम्मं झालं की तोच ॲम्प्लिफायर जास्त करंट सोडतो आणि जास्त तापतो.

माझा ॲम्प्लिफायर ८ ओहमला २०० वॅट देतो, ४ ओहमला ३२०. आकडा मोठा दिसतो, पण फरक जेमतेम २ डेसिबलचा. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट.

म्हणून बॉक्स घेताना आधी सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर तो किती डेसिबल वाजतो तो आकडा. ९७ डेसिबलचा बॉक्स ५० वॅटमध्ये जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ९१ वाल्याला २०० वॅट पाजावे लागतात. त्या आकड्याशेजारी १ वॅट लिहिलंय की २.८३ व्होल्ट, तेही वाचा. २.८३ व्होल्टला ८ ओहमचा बॉक्स १ वॅट खातो, ४ ओहमचा २ वॅट. तेवढ्यानेच कागदावर ३ डेसिबल वाढलेले दिसतात.

एका सप्ताहात मी ८ ओहमचे चार बॉक्स ॲम्प्लिफायरच्या एकाच चॅनलला पॅरलल जोडले, म्हणजे सगळ्यांचे प्लस एकत्र, मायनस एकत्र. झाले २ ओहम. ॲम्प्लिफायर ४ च्या खाली चालणारा नव्हता. कीर्तन रंगात आलं, पखवाजाच्या प्रत्येक थापेला लाल दिवा लागायला लागला आणि ऐन गजरात सगळं बंद पडलं. बुवा तसेच गात राहिले, मागच्या बायकांना काही ऐकू येईना. ते अजून मनाला लागून आहे.

तेव्हापासून चार सारखे बॉक्स असले की दोन-दोन सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडतो, १६ ओहम होतात. मग त्या दोन जोड्या पॅरलल, पुन्हा ८. ॲम्प्लिफायरला लावण्याआधी वायरीच्या टोकांना मल्टिमीटर लावतो. ८ ओहमला तो ६ च्या आसपास दाखवतो, ते बरोबर आहे. २ च्या खाली दाखवलं तर जोडणी उकला.

वायरही बघा. २० मीटरवर १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली तर जाऊन-येऊन सुमारे ०.७ ओहम होतात. ८ ओहमला ८ टक्के वॅट वायरीतच जातात, ४ ओहमला १५. मी २.५ची वापरतो. स्क्रू आवळल्यावर वायर एकदा ओढून बघा, मगच ॲम्प्लिफायर चालू करा.