पायथनचा एकच प्रोग्रॅम सीपायथन, पायपाय आणि मायक्रोपायथनवर बरोबर कसा चालवावा

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणारा एखादा कारखाना उदाहरणादाखल घेऊ. यंत्रमागाला जोडलेला ईएसपी३२ हा छोटा, प्रोग्रॅम चालवू शकणारा बोर्ड धोट्याच्या फेऱ्या मोजतो, ती मोजणी कार्यालयातील संगणकाकडे पाठवतो आणि महिनाअखेरीस तिच्यावरून पाळीनिहाय उत्पादनाचा हिशेब निघतो. अशी जोडणी अभियांत्रिकीचे विद्यार्थीही प्रकल्प म्हणून करू शकतात. सगळे प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिलेले असले, तरी ते चालवणारे इंटरप्रिटर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम वाचून अमलात आणणारी सॉफ्टवेअरे, निराळे असतात: बोर्डवर मायक्रोपायथन, संगणकावर नेहमीचा सीपायथन आणि मोठा हिशेब लवकर उरकावा म्हणून कदाचित पायपाय. एका ठिकाणी बिनचूक चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या ठिकाणी चुकू लागला, तर दोष कोणत्या क्रमाने शोधावा, ते पुढे दिले आहे.

पायरी १ : इंटरप्रिटर आणि आवृत्ती नोंदवा

पायथन ही भाषा आणि सीपायथन हा तिचा सर्वाधिक वापरला जाणारा इंटरप्रिटर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषेची आवृत्ती ही तिसरी गोष्ट. पायथनसोबत येणाऱ्या सिस या मोड्यूलमधील (तयार सोयींच्या संचातील) इम्प्लिमेंटेशन ही माहिती छापली की इंटरप्रिटरचे नाव कळते आणि त्याच मोड्यूलमधील व्हर्जन छापली की आवृत्ती कळते. मायक्रोपायथन स्वतःला ३.४ म्हणवतो, मात्र नंतरच्या आवृत्त्यांतील काही निवडक सोयीही त्यात आहेत. जावावर चालणारा जायथन अजून २.७ वरच आहे. त्यामुळे वाक्यरचनेची चूक दाखवणारा संदेश आला, तर आपण वापरलेली सोय त्या आवृत्तीत आहे का, हे आधी पाहावे. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.

पायरी २ : फरक दाखवणारा सर्वांत छोटा प्रोग्रॅम तयार करा

दोन्ही इंटरप्रिटरना तंतोतंत तेच इनपुट द्यावे आणि उत्तरे फाइलमध्ये साठवून ओळीनुसार ताडून पाहावीत. जिथे उत्तर प्रथम वेगळे पडते, तिथपर्यंतचाच भाग ठेवावा; त्यातील निम्मा काढून पुन्हा चालवावे; फरक टिकला तर तो निम्मा अनावश्यक होता, नाहीसा झाला तर परत घ्यावा. असे करत दहा-बारा ओळी उरल्या की कारण बहुधा डोळ्यांना दिसते. हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून अनेक जण ते टाळतात आणि अंदाजाने बदल करत सुटतात. माझ्या मते संपूर्ण शोधात याच पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा.

बोर्डवरील दोष असेल तर तुलना तीन ठिकाणी करावी. मायक्रोपायथन लिनक्सच्या संगणकावरही चालतो, म्हणून तोच छोटा प्रोग्रॅम सीपायथनवर, संगणकावरील मायक्रोपायथनवर आणि प्रत्यक्ष बोर्डवर चालवावा. पहिल्या दोहोंतच फरक पडला तर कारण इंटरप्रिटरमध्ये आहे. फरक केवळ बोर्डवर दिसला तर कारण बोर्डच्या मेमरीत, जोडणीत किंवा त्या बोर्डसाठी निवडलेल्या मांडणीत (उदाहरणार्थ, संख्येला किती बिट द्यायचे यात) आहे. त्यातील ही मांडणी अनेकांच्या लक्षात येत नाही. समजा, फेऱ्यांची एकूण संख्या ०.० पासून सुरू केली आणि दर फेरीला तिच्यात १ मिळवला, म्हणजे ती नकळत दशांश प्रकारची संख्या झाली. ईएसपी३२वरील मायक्रोपायथन अशी संख्या ३२ बिटांत ठेवतो, आणि त्या मापात १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवला तरी उत्तर १,६७,७७,२१६ च राहते. मोजणी तिथेच थांबते आणि चुकीचा कोणताही संदेश येत नाही. मिनिटाला १२० फेऱ्या आणि दिवसाला १६ तास काम धरले, तर हा आकडा सुमारे १४५ दिवसांनी गाठला जाईल, म्हणजे चाचणी कधीच संपलेली असेल. सीपायथनमध्ये दशांश संख्या ६४ बिटांची असते आणि संगणकावरील मायक्रोपायथनही एरवी ६४ बिटांचीच वापरतो, त्यामुळे संगणकावर हा दोष दिसणारच नाही. उपाय सोपा आहे: मोजणी पूर्णांकात ठेवावी. तिथे मायक्रोपायथनही मोठ्या संख्या अचूक सांभाळतो.

वेळेच्या नोंदींचेही असेच आहे. सीपायथन सेकंद १ जानेवारी १९७० पासून मोजतो, तर ईएसपी३२वरील मायक्रोपायथन १ जानेवारी २००० पासून. दोहोंतील अंतर ९४,६६,८४,८०० सेकंदांचे आहे. संगणकावर आलेली पाळीची वेळ तीस वर्षे मागची दिसली तर कारण हेच. शून्य सेकंदाला कोणते वर्ष येते ते टाइम मोड्यूलला विचारून, मिळालेल्या उत्तराप्रमाणे हा फरक मिळवावा.

पायरी ३ : भाषेने हमी दिली आहे का, ते तपासा

कारण सापडल्यावर दोष कोणाचा, हे सीपायथनने काय केले यावरून ठरवू नये. भाषेच्या अधिकृत संदर्भग्रंथात काय लिहिले आहे, यावरून ठरवावे. फाइल उघडून बंद न करण्याची सवय हे याचे उत्तम उदाहरण आहे. सीपायथन प्रत्येक वस्तूचे संदर्भ (प्रोग्रॅममध्ये तिच्याकडे किती ठिकाणांहून निर्देश होतो ते) मोजतो आणि शेवटचा संदर्भ सुटताच ती मोकळी करतो, म्हणून फाइल आपोआप बंद होते. पायपाय संदर्भ मोजत नाही. त्याची मेमरीची सफाई अधूनमधून होते, आणि तोवर फाइल उघडी राहून शेवटच्या काही ओळी डिस्कवर पोहोचतही नाहीत. हिशेबाची फाइल अर्धवट दिसली म्हणून पायपायला दोष देणे चूक ठरेल, कारण फाइल ताबडतोब बंद करण्याची हमी भाषेने दिलेलीच नाही. काम संपताच फाइल बंद करणारा विथ हा शब्द वापरून फाइल उघडली की सर्वत्र सारखेच घडते.

दोन संख्या समान आहेत का हे पाहण्यासाठी पायथनमधील इज हा शब्द वापरण्याची सवय उलट्या दिशेने फसवते. इज हे दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत का, एवढेच विचारते. पायपायमध्ये पूर्णांकांची ही तुलना मूल्यावरून होते, म्हणून ती नेहमी बरोबर वाटते. सीपायथनमध्ये मात्र -५ ते २५६ एवढेच पूर्णांक आधीपासून तयार ठेवलेले असतात, त्यामुळे त्यापुढच्या संख्यांवर भरवसा ठेवता येत नाही. मूल्यांसाठी दुहेरी बरोबर चिन्हच वापरावे.

क्वचित भाषेने हमी दिलेली असते, पण इंटरप्रिटर ती पाळत नाही. डिक्शनरीतील (नाव आणि मूल्य अशा जोड्या साठवणाऱ्या रचनेतील) नोंदी भरल्या त्याच क्रमाने राहतील, अशी हमी पायथन ३.७ पासून आहे. मायक्रोपायथनच्या साध्या डिक्शनरीवर त्यासाठी विसंबू नये. बोर्डकडून येणाऱ्या ओळीत सकाळपाळी आणि रात्रपाळी यांचे स्तंभ एकमेकांच्या जागी जाऊ नयेत म्हणून स्तंभांची नावे वेगळ्या यादीत लिहून ठेवावीत आणि त्या यादीच्या क्रमाने मूल्ये छापावीत. सीपायथनपासून वेगळ्या असलेल्या अशा वर्तनाची सूची मायक्रोपायथनच्या दस्तऐवजात दिलेली आहे; काम सुरू करण्यापूर्वी ती एकदा पूर्ण वाचावी.

हा प्रश्न केवळ पायथनचा नाही. टर्बो सी या जुन्या कंपायलरवर सी भाषा शिकलेल्यांना तो ओळखीचा वाटेल: तिथे इंट हा पूर्णांकाचा प्रकार १६ बिटांचा असल्याने ३२,७६७ च्या पुढची संख्या त्यात मावत नसे, आणि तोच प्रोग्रॅम जीसीसी या दुसऱ्या कंपायलरवर चालून जाई. सी च्या प्रमाण दस्तऐवजाने इंटसाठी किमान मर्यादाच सांगितली असल्याने दोन्ही कंपायलर नियमातच होते.

पायरी ४ : दुरुस्ती करा आणि तपासणी कायम ठेवा

दुरुस्ती करताना इंटरप्रिटरचे नाव पाहून वेगळा मार्ग घेणारी वाक्ये शक्यतो टाळावीत. हवी ती सोय उपलब्ध आहे का, हे विचारावे, नसेल तर पर्याय वापरावा. असा प्रोग्रॅम पुढच्या आवृत्तीतही चालतो. पायपायवर काम अपेक्षेपेक्षा संथ वाटले, तर सी मध्ये लिहिलेली एखादी लायब्ररी वापरात आहे का ते पाहावे, कारण सीपायथनसाठी बनवलेल्या जोडणीची नक्कल करण्यात पायपायचा वेळ जातो.

दुसऱ्या पायरीत तयार झालेला छोटा प्रोग्रॅम फेकून देऊ नये. अपेक्षित उत्तरासह तो चाचण्यांत ठेवावा आणि प्रत्येक बदलानंतर सर्व इंटरप्रिटरवर चालवावा. मोजणीची चाचणी शून्यापासून न करता १,६७,७७,२१० पासून सुरू करावी, म्हणजे १४५ दिवस थांबावे लागणार नाही. भाषेचा संदर्भग्रंथ तपासूनही दोष इंटरप्रिटरचाच ठरला, तर त्याच्या विकासकांना हाच छोटा प्रोग्रॅम, इंटरप्रिटरचे नाव व आवृत्ती, बोर्डचे नाव, अपेक्षित उत्तर आणि मिळालेले उत्तर एवढे कळवावे.