खिशातले हलके रिव्हॉल्व्हर: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

परवाना हातात पडला की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यांत हलके कोणते आणि कितीला पडेल? चुकांची सुरुवात तिथूनच होते.

ग्रॅम मोजून निवड करणे

कानपूरच्या सरकारी कारखान्याचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आले. .३२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतली रुंदी, इंचात), टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन सुमारे ५२५ ग्रॅम. इशापूरचे .२२ बोअरचे ‘निडर’ जेमतेम २५० ग्रॅमचे. २०२३ मधले ‘प्रबल’ काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, पूर्ण लांबी १७७.६ मिलिमीटर. आकडे वाचून ‘निडर’कडे मन ओढ घेते, किंमतही कमी. पण .२२च्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. कडेत तो कुठे विरळ राहिला आणि टोला नेमका तिथेच पडला, की काडतूस फुसके निघते. .३२ मध्ये बुडाच्या मधोमध मसाल्याची वेगळी टोपी असते, त्यामुळे भरवसा जास्त. शिवाय काडतूस तेच असेल तर हत्यार जितके हलके तितका हाताला झटका जास्त, आणि झटका नकोसा झाला की माणूस सराव सोडतो.

‘निर्भीक’च्या सहा काडतुसांचे साठेक ग्रॅम हिशेबात धरायला बहुतेक जण विसरतात. घेण्यापूर्वी सहाशे ग्रॅमची वाळूची पुरचुंडी पँटच्या पुढच्या खिशात घालून कोथरूड ते स्वारगेट दुचाकीवर जाऊन या. बसल्यावर खिसा कुठे ताणतो, वस्तू मांडीत कुठे रुतते, ते माहितीपत्रकात सापडत नाही.

चाप न ओढता पैसे मोजणे

घोडा (टोला मारणारा मागचा भाग) अंगठ्याने मागे न ओढता, थेट चाप दाबून बार काढायचा तर बराच जोर लागतो. खिशातून काढलेले रिव्हॉल्व्हर असेच चालते. चक्री (काडतुसे भरायचा फिरता भाग) रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, दुकानदाराची परवानगी घ्या आणि एका हाताने सलग सहा वेळा चाप ओढा. तिसऱ्या-चौथ्या वेळी नळीचे टोक हलू लागले तर ते हत्यार तुमच्या हाताचे नाही, मग ते कितीही स्वस्त असो. .२२ वर हा प्रयोग डमी काडतुसांशिवाय करू नका. टोला चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या भोकाच्या, कडेवर आपटून कड चेपते, आणि मग काडतूस आत-बाहेर करताना अडते.

जुने घेताना वरची चकाकी पाहणे

नवा मुलामा आतली झीज लपवतो. रिकामे रिव्हॉल्व्हर घेऊन घोडा मागे ओढा आणि चक्री बोटांनी हलवून पाहा. किंचित खेळ चालतो, खडखड नको. चक्री आणि नळीमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.१५ मिलिमीटरच्या आसपास उत्तम, ०.२५ च्या पुढे गेली तर सोडून द्या, कारण वायू आणि शिशाचे कण बाजूने उडतात. काडतुसे भरायला मधोमध वाकून उघडणाऱ्या जुन्या घडणीत वरची कडी ढिली झालेली असू शकते. नळी आणि मूठ उलटसुलट पिळून पाहा, सांध्यात हालचाल जाणवली तर नकार द्या.

काडतुसांची गल्लत

.३२ पिस्तुलाचे आणि .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस वेगळे. पिस्तुलाचे काही रिव्हॉल्व्हरमध्ये बसतेही, आणि धोका तोच आहे: त्याचा दाब जास्त असतो. आपल्या खडकीच्या कारखान्यात बनलेल्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरे असतात, पण ती फक्त कारखाना सांगतात. प्रकार खोक्यावर वाचा.

नुसते खिशात टाकणे

किल्ली किंवा नाणे चापाच्या कडीत शिरते, कापसाचे तंतू घोड्याखाली साचतात. चाप पूर्ण झाकणारे खिशाचे होल्स्टर हवे आणि त्या खिशात दुसरे काहीही नको. २०१६ चे शस्त्र नियमही सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये आणि झाकलेले ठेवायला सांगतात. हत्यार बाहेर काढताना घोड्याचे पुढे आलेले टोक कापडात अडकते, म्हणून खिशासाठी ते आखूड असलेले बरे.

बिघाड झाला तर

बार झाला नाही तर नळी समोर सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, मगच चक्री उघडा. उशिरा पेटणारे काडतूस हातात फुटू शकते. टोपीवरची खूण उथळ असेल तर टोल्याच्या वाटेत घट्ट झालेले तेल किंवा थकलेली स्प्रिंग. खूण खोल असूनही बार नाही तर दोष काडतुसाचा, आणि त्याचे कारण कधीकधी आपणच ओतलेले तेल असते. ते टोपीत झिरपते. तेल थेंबभर पुरे.

चक्री जड फिरू लागली की पुंगळ्या (उडालेल्या काडतुसांची रिकामी टरफले) बाहेर ढकलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण शोधा, जुन्या टूथब्रशने निघतात. पुंगळ्या काढताना नळी वर करून दट्ट्या एका दमात दाबा. हळू दाबलात तर एखादी पुंगळी चांदणीखाली घसरते आणि चक्री बंदच होत नाही.

पुण्याच्या पावसाळ्यात हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून कपाट बंद करू नका. चामडे ओल धरते. टायटॅनियम गंजत नसले तरी स्प्रिंगा आणि स्क्रू पोलादाचेच असतात. सिलिका जेलची पुडी, कोरडा डबा आणि आठवड्यातून एकदा पुसणे एवढे पुरते.

परवान्याचा अर्ज कुठे करायचा यातही गफलत होते. पुणे शहरात पोलिस आयुक्तालय, पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून स्वतंत्र आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. हिंजवडी पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत येते, तिथला पत्ता असेल तर पुणे शहराच्या आयुक्तालयात हेलपाटे घालू नका.