कानामागे स्टेथो लावा, ड्युरल फिस्टुला असा सापडतो

पेशंट म्हणतो कानात आवाज येतोय, आपण म्हणतो वय झालं आता, आणि गोळ्या लिहून मोकळे. तसं नका करू. आधी विचारा, आवाज रातकिड्यासारखा सलग आहे की नाडीबरोबर सूं... सूं? त्याला आवाजाच्या तालावर टेबलावर बोट आपटायला सांगा आणि दुसऱ्या हाताची नाडी धरा. ताल जुळला की फॅन बंद करा (ओपीडीतला फॅन सगळं बुडवतो), पेशंटला श्वास रोखायला लावा आणि कानामागच्या हाडावर स्टेथो टेकवा. सूं-सूं तुम्हालाही ऐकू आली तर पुढची तपासणी करायचीच, नाही आली तरी फिस्टुला नाहीच असं समजू नका.

या फिस्टुलात होतं काय, की मेंदूवरच्या जाड आवरणातली, म्हणजे ड्युरातली धमनी केशवाहिन्यांना बगल देऊन थेट शिरेत नाहीतर सायनसमध्ये उघडते (नाकाचा सायनस नव्हे हां, मेंदूतलं रक्त बाहेर नेणारी ड्युरातली मोठी वाट). बहुतेकदा जन्मजात नसतं, पन्नाशी-साठीत निघतं.

कधी कानाऐवजी डोळा लाल होतो. डोळे आलेत म्हणून महिनाभर ड्रॉप्स चालतात, पण नीट बघाल तर शिरा नागमोडी, पार बुबुळाच्या कडेपर्यंत गेलेल्या, डोळा जरा पुढे आलेला, कधी एकाचे दोन दिसतात.

साधा सीटी बऱ्याचदा नॉर्मल येतो. एमआरआय आणि एमआरए (एमआरआयवरच रक्तवाहिन्यांचं चित्र) करा, पण फॉर्मवर नुसतं ‘डोकेदुखी’ लिहू नका, ‘नाडीबरोबर आवाज, डावा कान’ असं लिहा, मग रेडिओलॉजिस्ट मेंदूवरच्या फुगलेल्या शिरा मुद्दाम शोधतो. तिथेही काही नाही आणि संशय जात नाही तर डीएसए, म्हणजे नळी घालून, डाय सोडून केलेली मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओ. त्यात दोन्ही बाजूंच्या एक्स्टर्नल कॅरॉटिडमध्ये (मानेतल्या कॅरॉटिड धमनीची बाहेरची शाखा, मेंदूकडे जाते ती इंटर्नल) डाय गेलाच पाहिजे, कारण ड्युराला रक्त मुख्यतः तिच्याच फांद्या देतात, नुसती इंटर्नल बघून ‘क्लीन’ म्हणाल तर फसाल. दोन एक्स्टर्नल, दोन इंटर्नल आणि मानेच्या मणक्यांतून वर जाणाऱ्या दोन व्हर्टिब्रल, अशा सहाही धमन्या बघा.

सापडला की रक्त बाहेर कुठून जातंय ते बघा. बॉर्डन आणि कोन्यार यांच्या नावाची, 1995 ची फिस्टुलाची दोन्ही वर्गीकरणं मुळात हेच विचारतात. सायनसमधून सरळ पुढे गेलं तर सहसा घाई नसते, मेंदूवरच्या शिरांमध्ये उलटं शिरत असेल तर रक्तस्रावाचा धोका, तेव्हा न्यूरोइंटरव्हेन्शनवाल्यांना (रक्तवाहिनीतून नळी घालून मेंदूचे उपचार करणाऱ्यांना) लगेच फोन.

आणि आवाज आपोआप थांबला म्हणून पेशंट पेढे घेऊन आला तर पेढा खा, पण अँजिओ परत करा. फिस्टुला बंद झाला असेल, नाहीतर सायनस बुजून रक्त मेंदूवरच्या त्याच धोक्याच्या शिरांकडे वळलं असेल.